अलराउने (१९२८)

हेन्रिक गालेनने दिग्दर्शित केलेला जर्मन मूकपट. हान्स हाइन्त्स एवर्सच्या १९११ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. अलराउने म्हणजे मँड्रेक ही वनस्पती. तिचे मूळ माणसासारखे दिसते, आणि फासावर लटकलेल्याचे वीर्य जिथे सांडते तिथे ती उगवते, अशी युरोपातली जुनी समजूत.

कथेतला प्रोफेसर याकोब टेन ब्रिंकेन (पाउल वेगेनर) ही समजूत प्रयोगशाळेत आणतो. फाशी गेलेल्या खुन्याचे वीर्य आणि रस्त्यावरची एक वेश्या, यांच्यातून कृत्रिम रेतनाने तो एक मुलगी जन्माला घालतो. तिला स्वतःची मुलगी म्हणवतो आणि कॉन्व्हेंटच्या शिस्तीत ठेवतो. खाण तशी माती, की वळण लावू तसा माणूस, हे त्याला पडताळून पाहायचे असते. वयात आलेली अलराउने (ब्रिगिटे हेल्म) एका प्रेमवेड्या पोराला पैसे चोरायला लावून पळून जाते आणि सर्कशीत पोचते. प्रोफेसर तिला शोधून घरी आणतो. तिथे त्याची टिपणवही तिच्या हाती लागते आणि आपण कोण ते तिला कळते. मग ती त्यालाच खेळवू लागते. ‘बाप’ तिच्यावर भाळतो, मत्सराने पेटतो, अखेर धुळीला मिळतो. अलराउने त्याच्या पुतण्याबरोबर निघून जाते.

प्रयोग म्हणून पाहिले तर हा सगळा फसवा मामला आहे. मुलगी बिघडली ती खुन्याच्या रक्ताने, की तिच्याकडे नमुना म्हणून पाहणाऱ्या माणसाच्या हाताखाली वाढल्याने, हे वेगळे काढायची सोयच प्रोफेसरने ठेवलेली नाही. कादंबरीत अलराउनेचा शेवट मृत्यूत होतो. गालेन तिला प्रेमाच्या आधाराने सुटू देतो, म्हणजे कौल संगोपनाच्या बाजूने झुकवतो. त्या काळात हे लहानसहान नव्हते. मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र (निवडक प्रजननाने माणसाचा वंश ‘सुधारू’ पाहणारा विचार) यांसाठीची कैसर विल्हेल्म संस्था बर्लिनमध्ये १९२७ साली, म्हणजे चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी, सुरू झाली होती. पुढे नाझींच्या वंशधोरणाला तिने हातभार लावला.

चित्रपट तरला तो हेल्ममुळे. ‘मेट्रोपोलिस’मधली (१९२७) यंत्रस्त्री तिनेच केली होती. इथे अर्धवट मिटलेल्या पापण्या, तिरकी नजर आणि सापासारखे वळणारे अंग, एवढ्यावर ती समोरच्याला जाळ्यात ओढते. टिपणवही वाचल्यानंतर मात्र तोच चेहरा दुखावलेल्या पोरीचा होतो. वेगेनरही मुरलेला गडी. ‘गोलेम’ या जिवंत होणाऱ्या मातीच्या पुतळ्याची भूमिका त्याने पूर्वी केली होती, १९१५ सालच्या पहिल्या ‘गोलेम’मध्ये तर गालेनच त्याचा सहदिग्दर्शक होता. तेव्हा तो स्वतः घडवलेला जीव होता, इथे घडवणारा.

रिचर्ड ओस्वाल्डने १९३० साली याच कथेवर बोलपट काढला, त्यातही नायिका हेल्मच. १९५२ च्या आवृत्तीत हिल्डेगार्ड क्नेफ आणि एरिख फॉन श्ट्रोहाइम होते.