आशावाद आणि झोप

आशावाद आणि झोप : पुढे चांगलेच घडेल ही मनाची स्थायी अपेक्षा आणि रात्रीच्या झोपेचा दर्जा यांच्यातील परस्परसंबंध. अडचण आली तरी तिच्यातून वाट निघेल, असा भरवसा काही माणसांच्या स्वभावातच मुरलेला असतो. मानसशास्त्रात आशावाद म्हणतात तो याला. हसरा चेहरा किंवा क्षणाचा उत्साह ही वेगळी गोष्ट आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली की झोपेबाबतचे गैरसमज सुरू होतात.

आशावाद मोजण्यासाठी मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर यांनी १९८५ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिच्या १९९४ च्या सुधारित आवृत्तीत १० विधाने आहेत. गुण त्यांतल्या सहांनाच मिळतात, उरलेली चार भरीची असतात. झोपेसाठी पिट्सबर्ग निर्देशांक (१९८९) सर्रास वापरला जातो. गेल्या महिन्याभरातील झोपेला त्यात ० ते २१ गुण देतात, आणि ते ५ च्या वर गेले की झोप बिघडलेली मानतात.

अमेरिकेत रोसाल्बा हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन अशा साडेतीन हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली (२०१९). आशावादाचे गुण जास्त असलेल्यांनी आपली झोप चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. मात्र हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. आशावादामुळे झोप सुधारली, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय आशावादी माणूस स्वतःच्या झोपेबद्दलही चांगलेच मत देणार, ही शंका उरतेच.

या संबंधाचा गाभा झोपेआधीच्या अर्ध्या तासात सापडतो. दिवा मालवलेला असतो, घर शांत असते, आणि सकाळी कामावर झालेली खडाजंगी डोक्यात पुन्हा सुरू होते. आपण काय बोललो, काय बोलायला हवे होते, उद्या काय वाढून ठेवले असेल. कूस बदलते. मोबाइल उचलून वेळ पाहिली जाते : दोन वाजून दहा मिनिटे. गजर सहाचा, म्हणजे आत्ता डोळा लागला तरी चार तासही हाती नाहीत. इथे चिंतेचा विषयच बदलतो. मघापर्यंत ती भांडणाची होती, आता झोपेचीच होते. ॲलिसन हार्वी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या निद्रानाशाच्या प्रतिमानात हेच चक्र आहे : काळजीने शरीर सावध होते, सावध शरीर झोप न येण्याच्या खुणा शोधत राहते आणि सापडलेली प्रत्येक खूण काळजी वाढवते. आशावादी माणसाच्या मनातही तेच भांडण येते, पण ‘उद्याचं उद्या’ म्हणून ते बाजूला ठेवणे त्याला तुलनेने सोपे जाते.

प्रवाह उलट दिशेनेही वाहतो, आणि माझ्या मते ही बाजू जास्त महत्त्वाची आहे. मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २००७ मध्ये सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली. धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डाला या मेंदूतील भागाचा प्रतिसाद त्यांच्यात नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागील भागाशी असलेला दुवाही सैल झाला होता. थकलेल्या मेंदूला जगच जास्त भीतीदायक दिसते. म्हणून महिनोन्‌महिने झोप न मिळालेल्या माणसाला ‘जरा सकारात्मक राहा’ असे सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. घोरताना मध्येच श्वास अडकणे किंवा नैराश्य ही कारणे असतील, तर तिथे दृष्टिकोनाचा उपदेश चालत नाही, डॉक्टरच लागतात.

बळेबळे केलेला प्रयत्न तर उलटतो. डॅनियल वेगनर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगात लष्करी बँडचे संगीत ऐकत ‘शक्य तितक्या लवकर झोपा’ अशी सूचना मिळालेल्यांना झोप लागणे अधिक कठीण गेले.

दीर्घकालीन निद्रानाशावर बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपाय असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. त्यात ‘आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस वाया जाणार’ यासारखे विचार तपासून पाहिले जातात, आणि झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायला सांगितले जाते. कृतज्ञतेच्या नोंदींचाही, म्हणजे ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटतात त्या गोष्टी लिहून ठेवण्याचाही, अभ्यास झाला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ च्या प्रयोगात स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेल्या ज्या रुग्णांनी रोज अशा नोंदी लिहिल्या, त्यांनी झोप वाढल्याचे सांगितले.

उद्याकडे पाहण्याची एक अगदी साधी रीत मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या प्रयोगात दिसली. ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतली कामे लिहिली, बाकीच्यांनी उरकलेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी ती लवकर लागली.