चळवळीची पत्रकारिता : ‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’

माध्यमाचा वापर केवळ बातमी कळवण्यासाठी न करता समाजातील सत्तासंबंध बदलण्यासाठी केला जातो, तेव्हा त्याला माध्यम-चळवळ किंवा चळवळीची पत्रकारिता म्हणतात. मराठीत या प्रकाराचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेली अथवा त्यांच्या प्रेरणेने निघालेली पाच वृत्तपत्रे : ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘समता’ (१९२८), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६). धंद्याच्या हिशेबाने पाहिले तर यातली पहिली दोन पत्रे सपशेल तोट्यात गेली. दोन्ही तीन-तीन वर्षांच्या आतबाहेर बंद पडली. तरीही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात त्यांचे वजन त्यांच्या खपाशी जुळत नाही, आणि या विषयाच्या अभ्यासातली खरी गोम तीच आहे.

पूर्वपीठिका

मराठी वृत्तपत्रांची सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून (१८३२) मानतात. बहुजन समाजाच्या बाजूने बोलणारे पत्र त्यानंतर बरोबर पंचेचाळीस वर्षांनी आले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ सुरू केला. सत्यशोधक समाजाच्या या पत्राची धुरा १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सांभाळली. लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी होते. त्यामुळे पत्र, सभा आणि अर्ज ही तिन्ही हत्यारे एकाच माणसाच्या हाती आली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, तिच्यामागे या तिन्हींचा मेळ होता. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला तो तर अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून. पुण्या-मुंबईबाहेर छापखाना मांडून पत्र वर्षानुवर्षे टिकवणे ही त्या काळी अजब गोष्ट होती.

अस्पृश्य समाजातून लेखणी उचलणाऱ्यांत गोपाळबाबा वलंगकर अग्रभागी. माजी सैनिक असलेल्या वलंगकरांनी ‘दीनबंधु’तून लिहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्याहून ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. मुरळी सोडण्याच्या, म्हणजे मुलींना खंडोबाला वाहण्याच्या, प्रथेविरुद्ध या मासिकाने रान उठवले, आणि मुरळी म्हणून सोडलेल्या एका स्त्रीचे पत्रही त्यात छापले. जिच्याबद्दल चर्चा चालू होती तिनेच लेखी बोलावे, हा प्रकार त्या वेळच्या मराठी छापील जगात जवळपास नवाच होता.

‘मूकनायक’

१९१८ च्या अखेरीस आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारावर साक्ष दिली. राजकीय सुधारणा दारात उभ्या होत्या आणि ज्यांच्यासाठी बोलायचे त्या समाजाचे स्वतःचे पत्र नव्हते. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी अडीच हजार रुपये दिले आणि शनिवार ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत परळहून ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. आंबेडकर सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. अग्रलेख मात्र आंबेडकरांचे.

पत्राचे नाव तुकोबांकडून आले. शीर्षकाशी ‘काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥ नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥’ हा अभंग छापलेला असे. निवड विचारपूर्वक होती. वाचकाला पाश्चात्त्य राज्यशास्त्राच्या दारातून आत नेण्याऐवजी त्याच्या तोंडात आधीच असलेल्या ओळीवरून नेले आहे.

पहिल्या अग्रलेखात दोन प्रतिमा आहेत. हिंदू समाज हा एक मनोरा, एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला. पण मनोऱ्याला शिडी नाही, त्यामुळे ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे. दुसरी प्रतिमा बोटीची : दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी बोटीला भोक पाडणारा उतारू आधी की मागाहून, पण बुडतोच. याच लेखात माध्यमांची झाडाझडतीही आहे. मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, असे आंबेडकर लिहितात. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ यांसारख्या पत्रांतून अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होते, याची दाद ते देतात. पण परक्याच्या पत्रात उरलेल्या जागेवर एवढ्या मोठ्या समाजाचा प्रश्न मांडून होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आज ‘प्रतिनिधित्व’ या शब्दाभोवती जो वाद चालतो त्याचा सगळा ऐवज या दोनतीन परिच्छेदांत सापडतो.

विरोधही लगेच जाणवला. ‘मूकनायक’ निघाल्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने घेतली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नोंदवले आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे बहिष्कृतांची परिषद झाली. तिला शाहू महाराज जातीने हजर राहिले. जुलैत आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. त्यानंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे संपादन आले. पैशाची ओढाताण आणि मतभेद यांतून १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

महाड आणि ‘बहिष्कृत भारत’

दुसऱ्या पत्राची तारीखच बोलकी आहे. महाडच्या चवदार तळ्यावरचा सत्याग्रह १९-२० मार्च १९२७ रोजी झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. तळ्यावर पाणी प्यायलेल्या लोकांवर हल्ला झाला होता, आणि झाल्या प्रकाराची हकिगत कोण कशी सांगणार हा प्रश्न उभा होता. पुण्याच्या ‘भाला’सारखी पत्रे सत्याग्रहींवरच घसरली. ‘बहिष्कृत भारत’ने त्यांना अंकागणिक उत्तरे दिली. महाडचा लढा असा दोन आघाड्यांवर चालला : तळ्याच्या काठावर आणि रकान्यांत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, त्याची कारणमीमांसाही या पत्रातून लोकांपर्यंत गेली.

या वेळी संपादक म्हणून आंबेडकरांचेच नाव होते. ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’ अशी सदरे असत. शीर्षस्थानी तुकोबांच्या जागी ज्ञानेश्वर आले : ‘आतां कोदंड घेऊनि हातीं । आरूढ पां इये रथीं’. विनवणीचा सूर संपला होता. २९ जुलै १९२७ च्या अंकातले एक वाक्य पुढे फार गाजले. टिळक अस्पृश्यांत जन्मले असते तर स्वराज्याऐवजी अस्पृश्यतानिवारण हाच माझा जन्मसिद्ध हक्क आहे असे ते म्हणाले असते, असा त्याचा आशय. प्रतिस्पर्ध्याचीच घोषणा उचलून त्याच्याच अंगणात नेऊन ठेवण्याची ही हातोटी होती.

पत्राची झळ मात्र अंगावर घ्यावी लागली. नोकरवर्ग ठेवायला पैसा नव्हता. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत, असे आंबेडकरांनी वाचकांना सांगितले आहे. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अग्रलेखात त्यांनी विचारले की ‘बहिष्कृत भारत’चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय. प्रतिसाद पुरेसा आला नाही. वाचक होते, पण वर्गणी भरणारे थोडे. ज्यांच्यासाठी पत्र होते त्यांच्या हातात रोख पैसाच कमी होता. १५ नोव्हेंबर १९२९ रोजी शेवटचा अंक निघाला.

‘समता’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’

‘समता’ (२९ जून १९२८) हे समाज समता संघाचे मुखपत्र, संपादक देवराव विष्णू नाईक. नाईक ब्राह्मण होते. चळवळ जातीपुरती नाही हे पत्राच्या संपादकाकडे बोट दाखवून सांगता येत होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले तेव्हा आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. तिथून त्यांनी धाडलेली पत्रे ‘जनता’त छापली जात आणि परिषदेत काय चालले आहे ते गिरणगावातल्या चाळीत कळे. भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे यांनी या पत्राची संपादकी पाहिली. पाचांतले हे सर्वाधिक काळ टिकले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. बहिष्कृत ते प्रबुद्ध हा नावांतला प्रवास नागपूरच्या धर्मांतराला आठ महिने उरले असताना पुरा झाला.

परिणाम कसा मोजावा

खपाचे आकडे इथे कामाचे नाहीत. ज्या समाजात साक्षर माणूस विरळा, तिथे एक अंक म्हणजे एक वाचक असे गणित चुकते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही वाचनाची खरी रीत. वाचलेला मजकूर मग परिषदेच्या ठरावात, भाषणात आणि गाण्यात उतरे. नाशिकचे शाहीर भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी (गाणी आणि नाट्य यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांनी) तो अशा गावांत नेला जिथे पत्र पोचतच नव्हते. म्हणून पत्र, परिषद, सत्याग्रह आणि जलसा यांचा वेगवेगळा अभ्यास करणे म्हणजे बैलगाडीचे एक चाक काढून गाडी का चालते ते शोधणे होय. चळवळीच्या पत्राने काय साधले, हे पाहायचे तर त्याने कोणाला एकत्र आणले आणि कोणाला उत्तर द्यायला भाग पाडले, ते पाहावे लागते.

अमेरिकी विदुषी नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांच्या सार्वजनिक अवकाशाच्या (समाजाच्या प्रश्नांवर सर्वांनी खुली चर्चा करण्याच्या जागेच्या) कल्पनेवर आक्षेप घेताना दडपलेल्या गटांच्या प्रति-अवकाशांची मांडणी केली : मुख्य चर्चेत जागा न मिळालेले लोक आपली वेगळी चर्चा उभारतात आणि तिथून मुख्य चर्चेवर चालून जातात. ‘मूकनायक’ला ही चौकट चपखल बसते. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की सिद्धान्त येण्याआधी सत्तर वर्षे तो अग्रलेख लिहून झालेला होता. मराठीत या पत्रांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत दलित साहित्याच्या ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते, त्यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवरच डॉक्टरेट मिळवली.

नंतरचा काळ

१९७२ च्या स्वातंत्र्यदिनी ‘साधना’ साप्ताहिकाच्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. दलित स्त्रीवरील अत्याचाराला होणारी शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा यांची तुलना त्यात होती. वादळ उठले, आणि नुकतीच जन्मलेली दलित पँथर ही तरुणांची लढाऊ संघटना घराघरांत पोचली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबाचे हत्याकांड झाले, तेव्हा बड्या माध्यमांना त्यातले जातीचे सूत्र दिसायला बराच वेळ लागला. निषेधाचे लोण आधी कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांतून, छायाचित्रांतून आणि इंटरनेटवरच्या लेखनातून पसरले. २०२१ मध्ये पत्रकार मीना कोतवाल यांनी सुरू केलेल्या हिंदी-इंग्रजी वृत्तमंचाचे नाव ‘द मूकनायक’ आहे.

मूळ अंकांची अवस्था मात्र चिंतेची. महाराष्ट्र शासनाने ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’मधील मजकूर १९९० मध्ये ग्रंथरूपाने छापला, पण ‘मूकनायक’चे सगळे अंक हाती लागलेले नाहीत. आंबेडकरांचे साहित्य छापण्याचे शासकीय काम रखडल्याची बातमी २०२१ च्या अखेरीस ‘लोकसत्ता’ने दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली.