कार्ब्युरेटर ते एमपीएफआय (भारतीय मोटारी)

पेट्रोल इंजिनाला हवा आणि इंधन योग्य प्रमाणात मिसळून देण्याचे काम भारतीय मोटारींत १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्वत्र कार्ब्युरेटर करीत असे. पुढच्या दहाएक वर्षांत नव्या गाड्यांतून तो नाहीसा झाला आणि मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन, म्हणजे एमपीएफआय, आले; त्यात प्रत्येक सिलिंडरचा वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो. पॉवर स्टिअरिंग, एसी, काचांची बटणे हे बदल जाहिरातींत जास्त झळकले. पण गाडी चालवण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत खरी पालटली ती याच बदलाने. डिझेल गाड्यांना कार्ब्युरेटर कधीच नव्हता, म्हणून त्या या नोंदीत नाहीत.

बदलाचे कारण : ग्राहकाने मागणी केली म्हणून इंजेक्शन आले नाही, ते कायद्याने आले. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल विकणे सुरू झाले, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. मात्र त्रिमार्गी कन्व्हर्टर नीट चालायला एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखावे लागते. ते यांत्रिक कार्ब्युरेटरच्या आवाक्यातले नव्हते. एप्रिल १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरासाठी प्रदूषणाची युरो मानके लवकर लागू करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०००पासून तिथे युरो-२ आले, तर २००५पासून भारत स्टेज-२ (बीएस-२) ही मानके देशभर लागू झाली. १९९३ची मारुती झेन कार्ब्युरेटरवर होती. १९९८च्या सँट्रो व मॅटिझ एमपीएफआय घेऊनच उतरल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या पद्मिनीचे उत्पादन याच सुमारास थांबले.

कार्ब्युरेटरची सेटिंग : फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी कायम राहते, व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना दाब घटतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोटीतून, पेट्रोल ओढले जाते. जेटवरचा आकडा बहुतेक वेळा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो : ११० म्हणजे १.१० मिमी. त्याऐवजी ११५चा जेट बसवला तर भोकाचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणूनच कचरा अडकला की जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. क्लीनरने धुऊन हवेच्या प्रेशरने फुंकणे हाच उपाय.

ट्यूनिंगची सुरुवात कार्ब्युरेटरपासून करायची नसते. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग डिस्ट्रिब्यूटरचा पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क (गॅप साधारण ०.४ मिमी), प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ). त्यानंतर इंजिन पुरते तापवून, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण मोकळा करून आणि एअर फिल्टर जागेवर ठेवून आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) ८०० आरपीएमच्या आसपास आणावे. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा (करकचून आवळला तर त्याच्या टोकाला खाच पडते आणि पुढे सेटिंग बसतच नाही). मग इंजिन सुरू करून आरपीएम सर्वांत जास्त होईपर्यंत तो फिरवावा, वाढलेले आरपीएम थ्रॉटल स्क्रूने उतरवावे आणि हेच पुन्हा करावे. शेवटी किंचित आरपीएम पडेल इतका मिक्श्चर स्क्रू आत घ्यावा. हा स्क्रू फक्त आयडलिंगपुरता असतो. हायवेवरचे मायलेज वाढवायला तो पिळणारे मिस्त्री पुष्कळ होते. त्याने बंद सिग्नलला गाडी बंद पडण्यापलीकडे काही साधत नसे.

दोष ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. पेट्रोलचा वास, काळा धूर आणि काजळलेले प्लग म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारा निडल व्हॉल्व्ह झिजला किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर गुदमरली, तर त्या क्षणी जादा पेट्रोल देणाऱ्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलेला. आयडलिंग वर-खाली होत असेल तर गॅस्केटमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टमधून हवा आत येते. घाटातला दोष वेगळा : इंजिनाला लागून असलेला यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, त्या ओढीने पाइपमधला दाब घटतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवलेल्या गाड्या दिसत, त्या यामुळे.

इंजेक्शननंतर : पंप टाकीत गेला आणि पेट्रोल ओढण्याऐवजी साधारण ३ बार दाबाने ढकलू लागला, वाफेची अडचण त्यामुळेच संपली. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर ऐकू येते, ती याच पंपाची. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा. पंपाला गारवा पेट्रोलचाच मिळतो, त्यामुळे गाडी नेहमी रिझर्व्हवर चालवणाऱ्यांचे पंप लवकर जळतात. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर विरळ हवेमुळे कार्ब्युरेटरची गाडी रिच होत असे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होई; एमपीएफआयमध्ये मॅप सेन्सर इंजिनात येणाऱ्या हवेचा दाब मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी करतो. बॅटरी पार उतरली असेल तर मात्र धक्का मारून उपयोग नाही, कारण पंप, ईसीयू आणि इंजेक्टर तिघांनाही वीज लागते. वारंवार धक्का मारला तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

बीएस-४च्या काळात ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडच्या रूपात नोंदवण्याची सोय, सक्तीचे झाले आणि गॅरेजमध्ये कानाची जागा स्कॅनरने घेतली. पण स्कॅनर लक्षण सांगतो, कारण नाही. पी०१७१ हा कोड मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असल्याचे सांगतो. तो दिसताच धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही सर्रास होणारी चूक आहे. बहुतेकदा व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असतो, पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा पंपाचा दाब पडलेला असतो. सेन्सर बिचारा खरेच बोलत असतो.

पीयूसीतही फरक आहे. बीएस-२पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, तर बीएस-२ मोटारीला ०.५ टक्का. जुनी गाडी पीयूसीत अडली तर पहिल्यांदा एअर फिल्टर आणि चोक पूर्ण मागे जातो का, हे तपासावे.

जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांपुढे आता ई-२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) प्रश्न आहे. उसाच्या पट्ट्यातील कारखान्यांना इथेनॉल फायद्याचे असले, तरी त्याला जळायला हवा कमी लागते : ई-२०साठी हवेचे प्रमाण १४.७ऐवजी सुमारे १३.५ पडते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी पेट्रोल वाढवून घेते. कार्ब्युरेटरची गाडी मात्र लीन चालते, तापते आणि पिकअप सोडते. अशा वेळी मेन जेट एक-दोन नंबर मोठा बसवतात. जुन्या रबराचे डायफ्रॅम व होज फुगतात, ते इथेनॉलला टिकणारे घालावेत. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर आधीच रिकामा करावा.