नव्या जमीन विकासासाठी पर्जन्यजल निचरा आराखड्याची मंजुरी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मोकळ्या जमिनीवर इमारती, रस्ते किंवा वाहनतळ झाले की एरवी जमिनीत मुरणारे पाणी वाहू लागते. त्यामुळे पर्जन्यजल निचऱ्याच्या नियमांची मुख्य अट सहसा हीच असते, की विकासानंतर भूखंडाबाहेर जाणारा कमाल प्रवाह पूर्वीपेक्षा वाढू नये. ताशी ३६ मिलिमीटर पावसात एक हेक्टरवर सेकंदाला १०० लिटर पाणी पडते. अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा, ०.३ असेल तर त्यातील ३० लिटर वाहून जाते आणि बांधकामानंतर तो ०.८ झाला तर ८० लिटर. वाढलेल्या ५० लिटरची व्यवस्था दाखवणे, हाच अर्जाचा गाभा होय.

अर्ज जमीनमालकाने किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रासह विकासकाने करावयाचा असतो. मंजुरी लागते की नाही, हे खोदकामाचे आणि नव्याने झाकल्या जाणाऱ्या जमिनीचे क्षेत्र यांवरून ठरते; मर्यादेखाली राहण्यासाठी प्रकल्पाचे तुकडे पाडल्यास अनेक ठिकाणी एकत्रित क्षेत्रच धरले जाते.

मालकीचा पुरावा, समोच्च रेषांसह (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजणी नकाशा, पाण्याची गणिते, गटारे व साठवण तलावाचे आराखडे आणि बांधकामकाळात गाळ अडवण्याची योजना ही कागदपत्रे सामान्यतः लागतात. पाणी मुरवायचे असल्यास मातीची झिरपचाचणी आणि भूजलपातळीची नोंदही जोडावी, कारण भूजल वर असलेल्या जागी शोषखड्डा निरुपयोगी ठरतो. गणितासाठी ठरवून दिलेला ‘दहा वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस म्हणजे दरवर्षी १० टक्के शक्यता असलेला पाऊस. तो यंदा पडला म्हणून पुढील नऊ वर्षे निर्धास्त राहता येत नाही.

सर्वाधिक काळजी दोन बाबींत घ्यावी. पाणी शेवटी कोणत्या नाल्यात किंवा वाहिनीत सोडणार आणि तिची क्षमता पुरेशी आहे का, हे स्पष्ट असावे; शेजारच्या जमिनीतून ते नेणार असल्यास त्या मालकाची नोंदणीकृत संमती आधीच घ्यावी. दुसरी बाब देखभालीची. गाळ न काढलेला तलाव काही वर्षांत निकामी होतो, म्हणून भूखंड विकल्यानंतर ही जबाबदारी कोणाकडे जाईल, हे हमीपत्रात लिहावे.

छाननीतील शंकांचे लेखी उत्तर देऊन मंजुरी मिळाल्यावरच खोदकाम सुरू करावे. भूमिगत वाहिन्या बुजवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि शेवटी प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे पातळ्या दाखवणारे नकाशे पूर्णत्वाच्या अर्जासोबत सादर करावेत.