हायकोर्टाचं न्यायमूर्तिपद: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी जाहिरात निघत नाही. अर्जाचा नमुना नसतो आणि परीक्षाही होत नाही. जिल्ह्यातून आलेली अपिलं, दुसरी अपिलं, रिट, फाशीची शिक्षा कायम करायची की नाही याचा निर्णय, एवढं सगळं ज्या खुर्चीपुढे येतं तिथे पोचायच्या वाटा दोनच: एक न्यायिक सेवेतून, दुसरी थेट वकिलीतून. अर्ज भरायचा तो फक्त पहिल्या वाटेच्या सुरुवातीला, आणि तिथेही वयानुसार दोन वेगळी दारं आहेत. कायदा शिकलेली कित्येक हुशार मुलं चुकीच्या वयात चुकीच्या दारापाशी उभी राहतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

घटनेची अट आधी पाहू. अनुच्छेद २१७ प्रमाणे उमेदवार भारताचा नागरिक हवा आणि त्याने भारतात किमान १० वर्षं न्यायिक पद सांभाळलेलं असावं किंवा किमान १० वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी. किमान वय लिहिलेलं नाही. निवृत्तीचं वय ६२. हा ६२ चा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

पहिलं दार: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर

यालाच आपण सगळे जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची परीक्षा म्हणतो. ती एमपीएससी घेते. पूर्व परीक्षा १०० गुणांची, वस्तुनिष्ठ. हे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. मुख्य परीक्षा २०० गुणांची, दोन पेपर, एक दिवाणी कायद्यांचा आणि एक फौजदारी. मुलाखत ५० गुणांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत, त्यामुळे जुन्या नोट्सवर विसंबू नका. तरी जुनी कलमं पूर्ण विसरूनही चालणार नाही, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालू आहेत.

वकिलांसाठी वयाची वरची मर्यादा ३५ आहे आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत मिळते. मोठा बदल झाला तो २० मे २०२५ रोजी. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तोवर एलएलबीचा निकाल हातात पडताच थेट अर्ज करता येत असे. ज्या भरतीची प्रक्रिया त्या तारखेआधीच सुरू झाली होती तिला ही अट लावली नाही. पुढच्या भरतीत नेमकं काय लागू आहे हे जाहिरातीत छापलेलं असतं. तेच प्रमाण माना, क्लासवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज नव्हे.

ही ३ वर्षं बार कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी झाल्याच्या तारखेपासून मोजतात, ऑल इंडिया बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. ती परीक्षा वेगवेगळ्या वेळी होते, मग एकाच वर्गातल्या दोघांत फरक का पडावा, असा विचार त्यामागे आहे. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं.

आता खरा अडकवणारा कागद: वकिली केल्याचा दाखला. किमान १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाने तो द्यायचा आणि त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने, म्हणजे जिल्ह्यात बहुधा प्रमुख जिल्हा न्यायाधीशांनी, त्यावर शिक्कामोर्तब करायचं. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात वकिली असेल तर त्या न्यायालयाने नेमलेला अधिकारी ते करतो. सिनियरनी सही दिली म्हणजे झालं, असं समजू नका. तुम्ही कोर्टात दिसलात का, हा प्रश्न येणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल करा: तुमची सही असलेली वकीलपत्रं, ज्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तुमची हजेरी नोंदली गेली त्याच्या नकला, तुम्ही तयार केलेल्या दाव्यांच्या आणि कैफियतींच्या (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांच्या) प्रती. सिनियरच्या वकीलपत्रावर आपलंही नाव घालायला सांगा. जुनियरला हे मागायला संकोच वाटतो, पण मागितलंच पाहिजे. तारीख घेण्यापुरतं उभं राहिलात तरी रोजनाम्यात नाव आलं का, हे संध्याकाळी ई-कोर्ट्सवर पाहून घ्या. ३ वर्षांनी हीच फाइल तुमच्या बाजूने बोलते.

बाकीचे कागद असे: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी, सनद (बार कौन्सिलचं वकिलीचं प्रमाणपत्र), अधिवासाचा दाखला, नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींकडून चारित्र्याचे दाखले, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. आरक्षण घेत असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर. शेवटच्या दोन कागदांना तहसील आणि पडताळणी समितीत वेळ लागतो, तेव्हा ते जाहिरात यायच्या आधीच हातात असू द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागते. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण गुणपत्रिकेवर एक नाव आणि सनदेवर दुसरं हा घोळ फार दिसतो. याशिवाय मराठी बोलता, वाचता, लिहिता येतं आणि मराठी-इंग्रजी दोन्ही बाजूंनी भाषांतर करता येतं, याचाही दाखला हवा. ही अट नावापुरती नाही. साक्षीदार कोर्टात मराठीतच बोलणार, आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं टिपलं गेलं नाही तर पुढे अपिलात त्याचाच किस पडतो.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि भाईंदरजवळच्या उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे.

दुसरं दार: जिल्हा न्यायाधीश, थेट भरती

ही परीक्षा एमपीएससी घेत नाही, मुंबई उच्च न्यायालय स्वतः घेतं. जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर येते. अनुच्छेद २३३ प्रमाणे किमान ७ वर्षांची वकिली लागते, आणि ती सलग चालू असावी लागते. २०१३ च्या दीपक अग्रवाल निकालामुळे सरकारी अभियोक्ता म्हणून केलेलं कामही वकिलीतच धरतात. किमान वय ३५, कमाल सर्वसाधारण प्रवर्गासाठी ४५. सुरुवातीचं मूळ वेतन १,४४,८४० रुपये.

९ ऑक्टोबर २०२५ पर्यंत हे दार फक्त वकिलांसाठी होतं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रेजनीश प्रकरणात निकाल दिला की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून ७ वर्षं भरत असतील तर कनिष्ठ न्यायाधीशही थेट भरतीला बसू शकतो. तालुक्याच्या कोर्टात दिवसाला शंभरभर प्रकरणांचा बोर्ड उपसणाऱ्या तरुण न्यायाधीशाला ही संधी मिळणं मला अगदी रास्त वाटतं.

सेवेत असणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे, मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेचा. मे २०२५ च्या त्याच निकालाने जिल्हा न्यायाधीशपदांतला तिचा वाटा १० टक्क्यांवरून पुन्हा २५ टक्क्यांवर नेला. उरलेल्यांत ५० टक्के बढतीने आणि २५ टक्के थेट भरतीने.

सेवेतून हायकोर्टात

इथून पुढे अर्ज संपतात. प्रमुख जिल्हा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयातल्या वरिष्ठ पदांवर असलेल्यांतून उच्च न्यायालयाचं कॉलेजियम, म्हणजे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती, नावं निवडतं. तुमचे गोपनीय अहवाल, तुम्ही लिहिलेले निकाल, ते वर किती टिकले आणि ज्येष्ठता, एवढंच तिथे बोलतं. रूढ संकेत असा की उच्च न्यायालयातल्या साधारण एक तृतीयांश जागा सेवेतून आणि दोन तृतीयांश वकिलीतून भरायच्या.

आता ते ६२ चं गणित. अठ्ठाविसाव्या वर्षी कनिष्ठ स्तरावर लागलेला माणूस नुसत्या बढतीने चढत गेला तर उच्च न्यायालयाच्या विचारात येईपर्यंत पन्नाशी ओलांडून बराच पुढे गेलेला असतो. साडेअठ्ठावन्नच्या पुढे गेलेल्याचं नाव सहसा घेतलंच जात नाही. म्हणजे पोचलाच तर हाती पाच-सात वर्षं. पस्तिशीत थेट जिल्हा न्यायाधीश झालेल्याला जास्त अवधी मिळतो. म्हणून पहिल्या दाराने आत गेलात तरी पस्तिशी येताच थेट भरतीचा किंवा विभागीय परीक्षेचा अर्ज भराच. बढतीची वाट पाहत बसू नका.

वकिलीतून हायकोर्टात

इथे नाव मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती सुचवतात. साधारण ४५ ते ५५ या वयातले वकील पाहिले जातात. मुख्य न्यायमूर्ती बोलावून संमती विचारतात आणि मग कागद लागतात: संपूर्ण परिचय, गेल्या काही वर्षांची आयकर विवरणं, तुम्ही चालवलेल्या प्रकरणांतले छापून आलेले आणि न आलेले निकाल, प्रलंबित तक्रार किंवा खटला असल्यास त्याची माहिती. ज्याला कधीतरी हे बोलावणं यावं असं वाटतं त्याने रोखीचा व्यवहार आणि अर्धवट विवरणपत्रं आजपासूनच बंद करावीत.

मग फाइल राज्य सरकार, राज्यपाल, केंद्रीय कायदा मंत्रालय, गुप्तवार्ता विभाग असा प्रवास करून सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमपुढे येते. तिथे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती ठरवतात. २०२४ च्या अखेरीपासून ते उमेदवारांना प्रत्यक्ष भेटूही लागले आहेत. नेमणूक राष्ट्रपती करतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुप्तवार्ता विभागाला ४ ते ६ आठवडे आणि सरकारला ८ ते १२ आठवडे अशी मुदत घालून दिली, तरी फायली महिनोन्महिने अडकतात. या काळात वकिलाची अवस्था फार कठीण असते. नवी प्रकरणं घ्यावीत की जुनी सोडावीत हे कळत नाही, आणि पक्षकार बातमी ऐकून दुसरीकडे जाऊ लागतात. त्याला कारण न सांगता ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे.

या वाटेवर आपले लोक कसे गेले ते पाहा. अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांकडे वकिली सुरू केली आणि २००३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. भूषण गवई नागपूर खंडपीठात सरकारी वकील होते. १४ नोव्हेंबर २००३ रोजी, त्रेचाळिशी पुरी व्हायच्या आत, अतिरिक्त न्यायमूर्ती आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश.  १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या वकिलांना आता उच्च न्यायालयापुढे रोज उभं राहता येतं, आणि नाव पुढे येण्यासाठी मुळात न्यायमूर्तींनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

पहिली नेमणूक बहुधा अनुच्छेद २२४ खाली अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून होते, जास्तीत जास्त २ वर्षांसाठी. त्यानंतर कायम करायचं की नाही, यासाठी निकाल पुन्हा तपासले जातात. कायम होईलच असं नाही. शपथ राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती देते. वेतन २,२५,००० रुपये, मुख्य न्यायमूर्तींना २,५०,०००. अनुच्छेद २२२ खाली दुसऱ्या राज्यात बदली होऊ शकते, तेव्हा घरच्यांशी संमती देण्याआधीच बोला. आणि कायम न्यायमूर्ती म्हणून काम केल्यावर, अनुच्छेद २२० प्रमाणे, त्याच उच्च न्यायालयात किंवा देशातल्या कुठल्याही खालच्या कोर्टात पुन्हा वकिली करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयात आणि इतर राज्यांच्या उच्च न्यायालयांत करता येते.