गच्चीवरचे टोमॅटो बरणीत भरण्यापूर्वी

आमच्याकडून काचेच्या बरण्या, चकत्या (झाकणाचा सपाट भाग) आणि जाळी नेणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या घरी लोणची, मुरांबे होतात. त्यामुळे टोमॅटो भरतानाही हात सवयीने मिठाकडे आणि तेलाकडे जातो. इथे हिशेब वेगळा आहे. लोणचे मिठावर टिकते, मुरांबा साखरेवर. बरणीतले टोमॅटो टिकतात ते पुरेशा आंबटपणावर आणि उकळत्या पाण्यात काढलेल्या पुरेशा वेळेवर. मीठ चवीपुरते घाला किंवा अजिबात घालू नका, टिकण्यात फरक पडत नाही.

लिंबूसत्त्व घातल्याशिवाय बरणी भरू नका

हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला तोंडीही सांगतो, कारण नेमकी हीच पायरी गाळली जाते. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात; आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बॉटुलिनमचे जीवाणू वाढत नाहीत. त्याच्या वर गेला, की हवा नसलेली बंद बरणी त्यांना फार मानवते. त्यांचे बीजाणू पाणी कितीही उकळले तरी मरत नाहीत, आणि त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. अशा विषबाधेत नजर धूसर होते, गिळता येत नाही, श्वासही थांबू शकतो.

टोमॅटो नेमका या ४.६ च्या आसपास असतो. वाण कोणता, फळ किती पिकले, झाड निरोगी आहे की वाळत चालले आहे, यावर तो इकडे किंवा तिकडे झुकतो. जिभेला हे समजत नाही, कारण फळातली साखर आंबटपणा झाकते. म्हणून ‘आमचे गावरान आहेत, चांगले आंबट आहेत’ यावर कृपया विसंबू नका.

अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव चमचा लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, घाला. एक लिटरच्या बरणीत अर्धा चमचा. चमचा ५ मिलीच्या मापाचा आणि सपाट भरलेला हवा. पातेल्यात एकदम न ढवळता प्रत्येक बरणीत वेगळे घाला, म्हणजे प्रत्येकीला तिचा वाटा नक्की मिळतो. ताज्या कागदी लिंबाचा रस चालेल का, असे बरेचजण विचारतात. प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो, म्हणून आमचे उत्तर नाही असेच आहे. आमटी किंवा रस्सा फार आंबट वाटला, तर शिजवताना गुळाचा खडा टाका.

टोमॅटो शिजवणे आणि भरणे

टणक, लाल, डाग नसलेली फळे घ्या. अर्ध्या लिटरच्या बरणीला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम लागतात. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकले की साल हाताने निघते. देठाकडचा कडक भाग काढून फोडी करा.

फोडी चिरून तशाच ठेवू नका. टोमॅटो चिरल्याबरोबर त्यातले विकर (एन्झाइम) पेक्टिन, म्हणजे गर बांधून ठेवणारा घटक, तोडू लागतात, आणि मग बरणीत खाली पाणी, वर गर असे दोन थर दिसतात. म्हणून थोड्या फोडी आधी पातेल्यात घेऊन मोठ्या आचेवर ठेचत रस सुटू द्या, उकळी आली की बाकीच्या हळूहळू घाला आणि सगळे मिळून ५ मिनिटे उकळा. पातेले स्टीलचे घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कल्हई गेलेले पितळ आंबट पदार्थाला नको.

बरण्या आधी गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात. गार काचेत उकळता रस ओतला तर ती तडकते. लिंबूसत्त्व घालून रस भरा आणि वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. लाकडी काडी कडेने फिरवून हवेचे बुडबुडे काढा, बरणीचा काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, चकती ठेवून तिला धरून ठेवणारी रिंग बेताने आवळा. रिंग करकचून आवळली तर आतली हवा बाहेर पडत नाही.

कांदा, लसूण, मिरची, फोडणी यांतले काहीही बरणीत नको. भाज्यांनी आंबटपणा उतरतो आणि तेलामुळे उष्णता आत नीट पोचत नाही. फोडणी बरणी उघडाल त्या दिवशी द्या.

किती वेळ उकळायचे ते गावावर ठरते

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे वेळ जास्त लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने चाचण्यांवरून ठरवलेल्या वेळा आम्ही आपल्या गावांना लावून देत आहोत. या अर्ध्या लिटरच्या बरणीच्या आहेत: मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी येथे ३५ मिनिटे, पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथे ४० मिनिटे, पाचगणी, महाबळेश्वरला ४५ मिनिटे. नागपूर सुमारे ३१० मीटरवर, अगदी सीमेवर आहे. तिथेही ४० धरा. एक लिटरच्या बरणीला प्रत्येक ठिकाणी १० मिनिटे जास्त.

तळाशी जाळी ठेवा, बरण्या एकमेकींना न टेकता उभ्या करा, झाकणांवर किमान एक इंच पाणी हवे. खळखळून उकळी आल्यावर घड्याळ लावा. मध्येच उकळी थांबली तर पहिल्यापासून मोजा.

कुकरच्या शिट्ट्या या कामाला चालत नाहीत. घरचा कुकर भरभर तापतो, भरभर निवतो, आणि या वेळा त्याला लागू होत नाहीत.

झाल्यावर

गॅस बंद करून ५ मिनिटांनी बरण्या चिमट्याने सरळ उचला आणि घडी घातलेल्या पंचावर ठेवा. उलट्या करू नका. १२ ते २४ तास हात लावू नका. मग चकतीच्या मध्यावर बोट दाबून पाहा: ती आत ओढली गेलेली हवी. दाबल्यावर टिकटिक करत वर येत असेल तर बरणी बंद झालेली नाही. ती फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. नीट बंद झालेल्या बरण्यांच्या रिंगा काढून ठेवा, तारीख लिहा, अंधाऱ्या कोरड्या फडताळात ठेवा आणि वर्षाच्या आत वापरा.

चकती फुगलेली, रस गळालेला, उघडताना फसफसून बाहेर आलेला किंवा वर बुरशी दिसली, तर चाखूनही पाहू नका, टाकून द्या. एवढे सगळे जमणार नसेल, तर शिजवलेला गर डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवणे हा चांगला मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्यांना आम्ही आग्रहाने बरण्या विकत नाही.

बरणी आणि रिंग वर्षानुवर्षे चालतात, चकती मात्र एकदाच. तिच्या कडेचे रबर एकदा दबले की पुन्हा भरवशाचे राहत नाही. म्हणून चकत्या आमच्याकडे सुट्याही मिळतात. येताना एक रिंग बरोबर आणा, म्हणजे माप चुकणार नाही.