सालीवरून साल

जमिनीखाली जुनं काही सापडलं की दोन दिवसांत बातमी येते, 'वय ठरवण्यासाठी कार्बन डेटिंग करणार'. सापडलेली वस्तू दगडी मूर्ती असली तरी येते, तांब्याची नाणी असली तरी येते. ही पद्धत चालते ती कधी काळी जिवंत असलेल्या गोष्टींवर: लाकूड, हाड, धान्य, सुती कापड, कागद. मूर्तीखाली कोळसा सापडला तर कोळशाचं वय कळेल. मूर्ती त्याच वेळी तिथे आली का, हे ठरवायचं काम उत्खनन करणाऱ्याचं. तरीही 'कार्बन डेटिंगने सिद्ध झालं' एवढं म्हटलं की पुढे काहीही खपतं, अगदी लाखो वर्षांपूर्वीचं विमानसुद्धा. पन्नासेक हजार वर्षांपलीकडचं या पद्धतीला दिसतच नाही, पण फॉरवर्ड करणाऱ्याला त्याचं काय!

दुसरा गैरसमज सुशिक्षितांचा. नमुना यंत्रात घातला की साल बाहेर पडतं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात मिळतो तो एक पट्टा, बऱ्याचदा शंभर-दीडशे वर्षं रुंद. म्हणून २०२१ मध्ये कॅनडातल्या एका वस्तीबद्दल 'हे लाकूड इसवी सन १०२१ मध्ये तोडलं' असं वाचलं, तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती.

शाळेतला भाग आधी उरकून घेऊ. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात आणि ते नायट्रोजनच्या अणूंना धडकून कार्बन-१४ तयार होतो. हवेतल्या सुमारे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे असा एखादाच. झाडं तो कार्बन डायऑक्साइडमधून घेतात, प्राणी झाडांकडून. जीव मेला की आवक बंद आणि घट सुरू. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये यावरून वय काढून दाखवलं आणि १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

लिबींनी गृहीत धरलं होतं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम एकसारखं असतं. ते तसं नसतं. सूर्याचा जोर आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदलेल तसं ते वरखाली होतं. त्यामुळे एकाच मोजमापाची दोन-तीन शतकांत दोन-तीन उत्तरं बसतात. यावर उपाय झाडांनीच दिला. झाडाचं वर्षाला एक वलय वाढतं आणि त्या वलयात त्याच वर्षीच्या हवेतला कार्बन अडकतो. आतल्या जुन्या वलयाशी नंतर देवाणघेवाण होत नाही. म्हणजे खोड ही हवेची रोजनिशी आहे, दर वर्षाला एक पान. वलयं मोजून वर्ष ठरवायचं, त्या वलयातला कार्बन-१४ मोजायचा आणि आलेख काढायचा. आज जगभर तारखा ठरतात त्या या आलेखावर ताडून.

आता माझा आवडता भाग. नागोया विद्यापीठातल्या फुसा मियाके जपानी सीडरची वलयं एकेक सुटी करून मोजत होत्या. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की इसवी सन ७७४ आणि ७७५ या लागोपाठच्या वलयांमध्ये कार्बन-१४ एकदम १.२ टक्क्यांनी चढलेला आहे. १.२ टक्के म्हणजे किती, हे कळायला छोटं गणित करावं लागेल. कार्बन-१४ वर्षाला साधारण ०.०१२ टक्के घटतो. म्हणजे ही उडी सुमारे शंभर वर्षांच्या घटीएवढी झाली. नुसतं यंत्राचं ऐकलं तर ७७५ चं वलय शेजारच्या ७७४ च्या वलयापेक्षा शंभर वर्षांनी तरुण! एकाच खोडात, बोटभरही अंतर नसताना. जी गोष्ट पद्धतीचा दोष म्हणून गेली असती, तीच खूण झाली. कारण हवा सगळ्या पृथ्वीवर मिसळते, त्यामुळे ही उडी त्या वर्षी जिवंत असलेल्या कुठल्याही झाडात सापडली पाहिजे. आणि ती सापडते.

कारण बहुधा सूर्यच. ध्रुवांवरच्या बर्फात त्याच काळातल्या थरांत बेरिलियम-१० ही (तेही कार्बन-१४ सारखंच अवकाशातून आलेल्या कणांच्या माऱ्यातून हवेत तयार होतं) वाढलेलं दिसतं, आणि प्रचंड सौर उद्रेकाशी ते जुळतं. (यावरून 'सूर्य आता पृथ्वी भाजणार' छापाचे व्हिडिओ निघालेत. ७७५ मध्ये कोणी भाजलं नाही. उपग्रह आणि वीजवाहिन्यांची काळजी मात्र खरी आहे.) इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन बखरीत त्याच सुमारास सूर्यास्तानंतर आकाशात लाल क्रूस दिसल्याची नोंद आहे. तो ध्रुवीय प्रकाश होता की आणखी काही, आणि नोंदीचं वर्ष नक्की कोणतं, यावर हस्तलिखितांचे अभ्यासक अजून भांडतात.

अशीच दुसरी उडी ९९३ ची. कॅनडातली वस्ती इथे येते. न्यूफाउंडलंडमधलं लान्स ओ मेडोज. आइसलँडच्या जुन्या कथांमध्ये पश्चिमेकडच्या 'विनलँड'ला गेलेल्या नॉर्स लोकांची, म्हणजे व्हायकिंगांची, वर्णनं आहेत, पण त्या लिहिल्या गेल्या तेराव्या शतकात. त्यांना पुरावा म्हणावं का, यावर वाद होता. हेल्गे आणि अ‍ॅन स्टीन इंगस्टाड यांनी १९६० च्या दशकात तिथे खणून नॉर्स घरं दाखवली, तेव्हा 'आले का' हा प्रश्न संपला. 'कधी' राहिला.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधक गटाने तिथले लाकडाचे तीन तुकडे घेतले, तीन वेगवेगळ्या झाडांचे. तिन्हींवर धातूच्या पात्याचे साफ घाव होते आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडे तशी पाती नव्हती. वलयांतला कार्बन-१४ एकेक करून मोजला, उडी सापडली. वस्तीचा ढोबळ काळ माहीत असल्याने ती ९९३ चीच, ७७५ ची नव्हे, हेही ठरलं. मग तिथून बाहेरच्या कडेपर्यंत फक्त वलयं मोजायची. अठ्ठावीस. ९९३ अधिक २८, १०२१. तिन्ही तुकड्यांत तेच.

हीच युक्ती ग्रीसमधल्या डिस्पिलिओच्या नवाश्मयुगीन वस्तीवर चालली. तिथल्या खांबांची ३०३ वर्षांची वलयमालिका जुळवलेली होती, पण काळात कुठे टेकवायची ते कळत नव्हतं. इसवी सनपूर्व ५२५९ ची उडी त्यात सापडली आणि मालिकेचं टोक इसवी सनपूर्व ५१४० ला बसलं.

मोजणी बाहेरच्या कडेपर्यंत जायची तर ती कड शाबूत हवी. साल, निदान सालीला लागून असलेलं शेवटचं वलय. ते तासून गेलं असेल तर किती वलयं गेली हे सांगता येत नाही आणि उत्तर 'अमुक सालानंतर कधीतरी' एवढंच उरतं. सुताराचं पहिलं काम नेमकं साल काढून टाकण्याचं. त्यामुळे तुळया-खांब सोडून ढलप्यांच्या ढिगात हात घालणारा संशोधक दिसला, तर तो कचरा चिवडतोय असं समजू नका.